फिशिंग रॉड बांधायची हत्यारं घरी कशी करावीत, आणि कुठे हात आखडू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिला फिशिंग रॉड स्वतः बांधायचा आहे, ब्लँक (रॉडची मोकळी, पोकळ काठी) आणि गाईड (दोरी जाण्यासाठी तिच्यावर दोऱ्याने बांधायच्या कड्या) हातात आहेत. पण दोरा गुंडाळायचं रॅपिंग मशीन, लेप सुकेपर्यंत रॉड फिरवणारा ड्रायर, मुठीचं भोक मोठं करणारा रीमर, बुचाचा क्लॅम्प हे सगळं तयार घ्यायला गेलं तर नाकापेक्षा मोती जड होतोय. यातलं घरी काय करता येईल? आणि घरगुती हत्यारावर बांधलेला रॉड दिसायला किंवा वापरायला कमी पडेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: कमी पडणार नाही. रॉड बांधताना हत्यारं मुख्यतः तीन कामं करतात. ब्लँक धरायचा, तो सावकाश फिरवायचा आणि दोऱ्याला एकसारखा ताण द्यायचा. यातल्या एकाही कामाला कारखान्यातली अचूकता लागत नाही. दोऱ्याचा प्रत्येक वेढा तुमच्या डोळ्यांदेखत, बोटाखाली बसतो. तो नीट बसला नाही तर उलगडून पुन्हा घालता येतो. सुबकपणा हाताचा आणि डोळ्याचा असतो, त्यामुळे मशीन साधं असलं तरी रॉडवर त्याची खूण राहत नाही.

खूण राहते ती ओरखड्याची. म्हणून घरगुती हत्याराला माझी एकच कडक अट आहे: जिथे जिथे ते ब्लँकला टेकतं, ती जागा ब्लँकपेक्षा मऊ हवी. ग्राफाइटच्या ब्लँकवरचा आडवा ओरखडा म्हणजे नुसता डाग नव्हे. रॉड वाकला की ताण तिथे एकवटतो, आणि चांगला मासा लागल्यावर रॉड नेमका तिथून जातो. लाकडाची कच्ची धार, स्क्रूचं टोक, पत्र्याची कड यांपैकी काहीही ब्लँकला लागता कामा नये. ही एक गोष्ट सांभाळली की बाकी जुगाड करायला तुम्ही मोकळे.

सुरुवात रॅपिंग स्टँडपासून करा. पहिल्या रॉडसाठी मजबूत पुठ्ठ्याचा लांबट खोकासुद्धा चालतो: समोरासमोरच्या दोन भिंतींत इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा कापायच्या आणि तळाशी वजन ठेवायचं. पण एक सुट्टीचा दिवस काढता येत असेल तर प्लायचा स्टँड करा, तो आयुष्यभर पुरतो. साधारण 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायची 80–90 सेंटिमीटर लांब पट्टी तळाला घ्या. तिच्यावर सुमारे 15 सेंटिमीटर उंचीचे दोन उभे तुकडे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर 3–4 सेंटिमीटर खोल खाच. दोन्ही खाचा एका उंचीवर आणि एका रेषेत याव्यात यासाठी मोजमापाची कसरत करायची गरज नाही. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून क्लॅम्पने आवळा आणि करवत दोघांतून एकदमच चालवा. जी काही चूक होईल ती दोन्हींत सारखी होईल, म्हणजे ती चूक उरणारच नाही.

एक तुकडा तळाला पक्का स्क्रूने बसवा आणि दुसरा सरकता ठेवा. तळपट्टीत लांब फट पाडून खालून बोल्ट, वरून विंग नट दिला की तो हवा तिथे घट्ट करता येतो. मोठ्या गाईडजवळ दोन आधारांत जागा जास्त लागते; शेंड्याकडे मात्र आधार जवळ हवेत, कारण तिथे ब्लँक इतका बारीक असतो की दोऱ्याच्या ओढीनेच वाकतो. तिसरा, वेगळ्या बैठकीवरचा सुटा आधार करून ठेवा. लांब रॉडचं लोंबकळणारं टोक त्यावर टेकवलं नाही तर ब्लँक प्रत्येक फेऱ्याला खाचेतून उडी मारतो आणि मग चिडचिड होते.

खाचेला आतून नमद्याची पट्टी चिकटवा. खुर्चीच्या पायांना लावतात तो चिकट पाठीचा नमदा उत्तम. त्यावर ब्लँक अलगद फिरतो आणि हात काढला की जागच्या जागी थांबतो. हे थांबणं महत्त्वाचं आहे, नाहीतर दोरा सोडून कात्री उचलेपर्यंत वेढे सुटू लागतात. काहीजण नमद्याऐवजी छोटी बेअरिंग किंवा फर्निचरची चाकं लावतात. फिरण्याच्या दृष्टीने ती छानच, पण हाताने बांधणाऱ्याला इतकं सहज फिरणं त्रासाचंच ठरतं, असं माझं मत आहे. नमद्याचा दोष एकच, त्याचे तंतू सुटतात. म्हणून वेढ्यांवर शेवटी इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा, सुकून कडक होणारा लेप) लावायच्या वेळी हाच स्टँड वापरू नका, त्यासाठी वेगळे आधार करा.

स्टँडला क्लॅम्पने टेबलाशी जखडा, किंवा तळपट्टीला तुमच्या बाजूने आडवी फळी जोडून तिच्यावर मनगटं टेकवता येतील असं करा. दोरा ओढला की हलका स्टँड हळूहळू तुमच्याकडे चालत येतो, आणि ते लक्षात येईपर्यंत दोऱ्याचा कोन बदललेला असतो.

आता ताण. घरगुती साधनांत मला सर्वात जिव्हाळ्याचा भाग हाच वाटतो, कारण रॉड कसा दिसेल ते बरंचसं इथे ठरतं. अगदी साधा उपाय म्हणजे जाडजूड पुस्तक. दोऱ्याचं रीळ एका कपात सोडायचं, दोरा पुस्तकाच्या मिटलेल्या पानांमधून काढायचा आणि वरून वजन ठेवायचं. कपात रीळ मोकळं नाचतं, पण ताण पुस्तक देतं, त्यामुळे तो बऱ्यापैकी एकसारखा राहतो. पहिल्या रॉडला एवढं पुरतं. खोटं वाटेल, पण चांगल्या चांगल्या रॉडांवरचा दोरा पुस्तकातून आलेला असतो.

त्यापुढची पायरी म्हणजे शिलाई मशीनसारखी ताणाची चकती. भंगारात निघालेल्या शिलाई मशीनचा पूर्ण टेन्शनर मिळाला तर तोच स्टँडच्या तळाला बसवा, विषय संपला. नसेल तर घरी करा. 5 मिलिमीटरचा, 6–7 सेंटिमीटर लांबीचा बोल्ट तळपट्टीतून वर काढून खालून नटने घट्ट करा. त्यावर दोन वॉशर, वर बोल्टवर सैल बसेल अशी हलकी स्प्रिंग, तिच्यावर आणखी एक वॉशर आणि सगळ्यात वर विंग नट. दोरा खालच्या दोन वॉशरांमधून जातो. नट फिरवला की स्प्रिंग दाबते आणि ताण वाढतो.

यात एक बारकावा आहे. साधा वॉशर पत्र्यातून ठोकून कापलेला असतो. त्यामुळे त्याची एक बाजू कडेला किंचित गोलसर असते आणि दुसऱ्या बाजूला बारीक, धारदार कड राहते. नखाने कडेवरून ओढून पाहिलं की लगेच कळतं. दोन्ही वॉशरांच्या गोलसर बाजू एकमेकींकडे यायला हव्यात, दोरा त्यांच्यामधून जाणार आहे म्हणून. उलट लावले तर दोरा कापत नाही, पण त्यावर सूक्ष्म लव उठते आणि ती इपॉक्सीखाली केसांसारखी दिसते. जोडण्यापूर्वी दोन्ही वॉशर बारीक पॉलिश पेपरवर घासून, कापडाने पुसून घ्या. त्यांच्यामध्ये नमद्याची पातळ चकती टाकली तर आणखी चांगलं.

काहीजण रिळालाच ब्रेक लावतात: बोल्टवर रीळ, वर स्प्रिंग आणि नट. करायला सोपं आहे, पण मला ते आवडत नाही. रिळाचं भोक क्वचितच मापात असतं, त्यामुळे ते फिरताना अडखळतं आणि दोरा झटक्याझटक्याने येतो. शिवाय रीळ रिकामं होत जातं तसा त्यावरच्या दोऱ्याचा घेर कमी होतो आणि तोच ब्रेक ठेवला तरी ताण वाढत जातो. रीळ मोकळं फिरू द्यावं आणि ब्रेक दोऱ्याला लावावा.

चकतीतून निघालेला दोरा एका डोळ्यातून नेऊन ब्लँककडे वळवायचा असतो. त्यासाठी मोडक्या रॉडचं गाईड वापरा. त्याची कडी मासेमारीची दोरी घासूनही गुळगुळीत राहील अशीच बनवलेली असते, याहून चांगला डोळा विकत मिळणार नाही. हा डोळा नेमका वेढ्याच्या समोर ठेवू नका. बांधून झालेल्या वेढ्यांच्या बाजूला थोडासा मागे ठेवा. असं केल्याने नवा वेढा आधीच्या वेढ्याला आपोआप खेटून बसतो. डोळा पुढे गेला तर वेढ्यांत फटी पडतात, फार मागे राहिला तर दोरा आधीच्या वेढ्यावर चढतो. एक-दोन गाईड बांधली की हा कोन हाताला कळतो.

ताण किती हवा, याला आकड्यापेक्षा अंगठ्याची कसोटी बरी. गाईडचा पाय बांधून झाल्यावर अंगठ्याने निश्चयाने ढकललं तर गाईड केसभर सरकायला हवं, आपोआप मात्र हलता कामा नये. रॉडच्या बुडाकडून नजर लावून सगळी गाईड एका ओळीत आणायला ही केसभर सवलत लागतेच. दगडासारखा घट्ट दोरा म्हणजे मजबूत रॉड ही समजूत चुकीची आहे. पातळ भिंतीच्या ब्लँकवर असा दोरा गाईडच्या पायाच्या टोकाला ब्लँक दाबून ठेवतो आणि तिथून तो चेपण्याची किंवा तडकण्याची भीती असते.

गाईड बांधायच्या आधी ती ब्लँकवर तात्पुरती टिकवावी लागतात. मास्किंग टेपच्या अरुंद पट्ट्या चालतात, पण सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून केलेल्या दोन-दोन मिलिमीटरच्या रिंगा मला जास्त पसंत आहेत. टेपने चिकटवलेलं गाईड सरकवायचं म्हणजे टेप काढा, पुन्हा लावा; रिंगेतलं गाईड नुसतं बोटाने सरकतं. आणि सरकवावं लागणारच आहे. रिंगांनी गाईड लावून, दोरी ओवून, रॉड साधारण 45 अंशांत धरून शेंड्याला ओढ द्या आणि दोरी कुठून कशी जाते ते पाहा. दोन गाईडांमध्ये दोरी ब्लँकच्या वाकणापासून फार दूर सरळ जात असेल किंवा ब्लँकला घासत असेल तर गाईडची जागा बदला, गरज पडली तर एखादं वाढवा. यासाठी हवा फक्त एक मदतनीस, किंवा दाराच्या मुठीला बांधलेली दोरी. रिंगा काढताना ब्लेडची धार वर, ब्लँकपासून दूर.

गाईडच्या पायांना कानस मारणं टाळू नका. कारखान्यातून येणारा पाय टोकाला बोथट असतो, दोरा ब्लँकवरून त्यावर चढताना तिथे फट पडते. लहान सपाट कानशीने वरच्या बाजूने घासून टोक पातळ करा आणि खालच्या बाजूची बारीक कड उडवा, नाहीतर तीच ब्लँकमध्ये रुतेल. गाईड धरायला महागडी पकड (व्हाइस) नको, कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा टेबलाच्या कडेला जखडला की झालं. घासलेला चकचकीत भाग पारदर्शक इपॉक्सीखाली चमकतो, त्यावर पर्मनंट मार्कर फिरवून घ्या.

किरकोळ हत्यारं तर घरात पडलेलीच असतात. वेढे एकमेकांना खेटवायला गुळगुळीत पेनाचं टोपण. शेवटचं टोक आत ओढायला बारीक पण मजबूत दोऱ्याचा फास, आगकाडीला बांधलेला, म्हणजे हरवत नाही. शेवटचे सहा-सात वेढे राहिले की फास ब्लँकवर ठेवून त्याच्यावरून बांधत जायचं, मग दोरा कापून टोक फासात ओवायचं आणि ओढून वेढ्यांखालून काढायचं. उरलेलं टोक कापायला ब्लेड नवंच हवं, यात काटकसर नको. बोथट ब्लेडला जोर द्यावा लागतो आणि जोरात घसरलेलं ब्लेड शेजारचे वेढे घेऊन जातं. उठलेली लव जाळायला स्पिरिटचा दिवा झरकन फिरवा, मेणबत्ती नको, तिची काजळी फिकट दोऱ्यावर बसते.

ब्लँकचा कणा, म्हणजे स्पाइन, शोधायचं बेअरिंगवालं यंत्र घेऊ नका आणि करूही नका. ब्लँकचं बूड गुळगुळीत टेबलावर टेकवा, शेंडा एका हाताने धरून वाकवा आणि दुसऱ्या तळहाताखाली मधला भाग लाटत न्या. एका ठिकाणी तो आपोआप उडी मारून स्थिरावतो, तिथे खूण करा. सरळपणा की कणा, कशावर गाईड बांधावीत यावर बांधणाऱ्यांत जुने वाद आहेत. माझ्या मते ब्लँक दिसायला जिथे सर्वात सरळ आहे ती बाजू धरावी.

आता मूठ. तयार बुचाच्या मुठीचं भोक ब्लँकच्या उताराप्रमाणे मोठं करायला रीमर लागतो. मोडका रॉड असेल तर त्याच्यासारखा रीमर नाही, कारण त्याला ब्लँकसारखाच उतार असतो. 80 नंबरच्या पॉलिश पेपरची 2 सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, तुकड्याला इपॉक्सी लावा आणि पट्टी वेढ्याला वेढा भिडवून, पण एकावर एक न चढवता, तिरकी गुंडाळा. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून रात्रभर सुकू द्या. पट्टी कोणत्या दिशेने गुंडाळली ते लक्षात ठेवा आणि रीमर त्याच दिशेने फिरवा, म्हणजे पट्टीची कड उचकटणार नाही.

हा रीमर हातानेच फिरवायचा. ड्रिलला लावला की काम पाच मिनिटांत होतं, पण भोक एका अंगाला जातं आणि बुचाचे लचके निघतात. थोडं घासा, भुसा झटका, ब्लँकवर घालून पाहा, पुन्हा घासा. ब्लँकवर मूठ जिथे थांबायला हवी तिथे टेपची खूण करून ठेवा. हाताने ढकलल्यावर खुणेपर्यंत जावी आणि खडखडू नये, इतपत सैल बस. गोंदाला तेवढी जागा लागते. ईव्हीए फोमची मूठ असेल तर हिशेब उलटा. तिचं भोक ब्लँकपेक्षा थोडं लहानच ठेवायचं, ती ताणून बसते.

सुट्या बुचाच्या चकत्यांपासून मूठ करायची असेल तर क्लॅम्प हवा. चकत्या बहुधा 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच जाडीच्या असतात. प्लायचे दोन तुकडे घ्या, मधोमध चकत्या ओवायच्या सळीसाठी एक भोक, दोन बाजूंना दोन भोकं. बाजूच्या भोकांतून आटे पाडलेल्या सळया, टोकांना विंग नट. मधल्या सळीवर आधी मेण घासा, नाहीतर चकत्या कायमच्या तिलाच चिकटतील. चकत्यांच्या फटींतून गोंद जेमतेम डोकावला की थांबा. आणखी आवळलं तर सांध्यातला सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो.

मूठ कातायला लेथ नसला तरी हातातलं ड्रिल टेबलावर आडवं जखडून काम भागतं. चकत्या ज्या सळीवर ओवल्या तिचंच एक टोक ड्रिलमध्ये आणि दुसरं प्लायच्या उभ्या तुकड्यातल्या, मेण लावलेल्या भोकात. वेग कमी ठेवा. पॉलिश पेपरची पट्टी वरून टाकून दोन्ही हातांनी ओढत जा: आधी 80, मग 120, शेवटी 220. व्यास मोजायला जाड पुठ्ठ्यात हव्या त्या रुंदीची खाच कापून ठेवा. खाच सहज बसली की तिथे घासणं थांबवायचं. मास्क घाला आणि सैल बाह्या वर करा. मूठ ब्लँकवर चिकटवून मग ब्लँकसकट ड्रिलवर फिरवायचा मोह होतो. तो टाळा, लांब ब्लँकचं टोक चाबकासारखं उडतं.

शेवटी ड्रायर. फिनिशचं इपॉक्सी मधासारखं घट्ट असलं तरी कित्येक तास वाहतं राहतं. रॉड स्थिर ठेवला तर ते खाली ओघळून एका बाजूला थेंब धरतं. रॉड सावकाश फिरत राहिला की ते स्वतःच सपाट होतं. मिनिटाला 5 ते 15 फेरे कुठेही चालतील, अचूक वेग कोणी मागत नाही. मायक्रोवेव्हची तबकडी फिरवणारी मोटर म्हणूनच या कामात लोकप्रिय आहे. ती बहुधा 50 हर्ट्झवर मिनिटाला 5 आणि 60 हर्ट्झवर 6 फेरे देते, आणि आकाराच्या मानाने तिचा जोर दांडगा असतो.

पण इथे दोन इशारे द्यायलाच हवेत. पहिला: मोटरवरचं लेबल वाचल्याशिवाय ती भिंतीतल्या प्लगला जोडू नका. काही तबकडी-मोटरी थेट घरगुती दाबावर चालतात, तर काही 21 किंवा 30 व्होल्टच्या असतात आणि प्लगला लावताच जळतात. दुसरा, आणि जास्त गंभीर: मायक्रोवेव्हच्या आत हाय व्होल्टेज कपॅसिटर असतो. प्लग काढल्यानंतरही त्यात प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. विजेचं काम येत नसेल तर मायक्रोवेव्ह अजिबात उघडू नका. त्याऐवजी 12 व्होल्टची, मिनिटाला 10 फेऱ्यांच्या आसपासची गिअर मोटर आणि साधा ॲडॅप्टर घ्या. ती रात्रभर निर्धास्त चालवता येते आणि नवशिक्याला मी तीच सुचवतो. तबकडीची मोटर वापरलीत तर आणखी एक गंमत दिसेल: ती सुरू होताना कधी डावीकडे तर कधी उजवीकडे फिरते आणि रॉड कुठे अडकला तर उलटी वळते. इपॉक्सीला त्याने काही फरक पडत नाही, पण रॉड पुढे-मागे डोलताना दिसला तर कुठेतरी गाईड आधाराला आपटतंय हे समजा.

मोटरला रॉड जोडायला पीव्हीसी पाइपाचं टोपण घ्या, रॉडच्या बुडापेक्षा सैल बसेल इतकं मोठं. तळाच्या मधोमध मोटरचा दांडा बसवा. कडेला समान अंतरावर तीन भोकं पाडून तीन लांब स्क्रू आतल्या बाजूला येऊ द्या. समान अंतर काढायला कोनमापक नको: टोपणाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेराएवढी कापा, पट्टीचे तीन सारखे भाग करून खुणा टोपणावर उतरवा. प्रत्येक स्क्रूच्या टोकाला खोडरबराचा तुकडा खोचा, म्हणजे मुठीवर वळ उठत नाहीत. रॉड नेमका मधोमध आला नाही तरी हरकत नाही, एवढ्या कमी वेगात थोडं हेलकावणं चालतं.

रॉडच्या उरलेल्या लांबीला एक-दोन आधार द्या, ओल्या वेढ्यांपासून दूर आणि गाईड फिरताना त्यांना लागणार नाहीत अशा जागी. रॉड आडवा, पाणसळीत हवा, नाहीतर इपॉक्सी उताराकडे सरकून वेढ्याच्या एका टोकाला फुगवटा धरतं. वरून पुठ्ठ्याचं लांब छत टांगा, धूळ नेमकी याच रात्री घरभर उडते. खोलीत 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान असेल तर साधारण चार-सहा तासांत ओघळणं थांबतं. पूर्ण पक्कं व्हायला मात्र 24 तासांहून अधिक लागतात. मोटर नसेलच तर थर अगदी पातळ लावा आणि ओघळ थांबेपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी रॉड अर्धा फिरवत बसा. कंटाळवाणं आहे, पण होतं.

आता जिथे हात आखडू नये ती जागा: इपॉक्सीचं माप. रेझिन आणि हार्डनर अंदाजाने ओतून कधीही काम करू नका. सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, एकीवर रेझिन आणि दुसरीवर हार्डनर असं ठळक लिहा आणि त्यांची अदलाबदल कधीच होऊ देऊ नका. पिस्टनला रबर नसलेल्या, संपूर्ण प्लास्टिकच्या सिरिंज शोधा. रबरी पिस्टनला लावलेलं सिलिकॉनचं वंगण इपॉक्सीत उतरलं तर वेढ्यावर गोल खळगे पडतात आणि तिथे इपॉक्सी धरतच नाही. गरज थोडीच असली तरी दोन्ही 3-3 मिलिलिटर घ्या. 0.2 मिलिलिटरची चूक 1 मिलिलिटरमध्ये वीस टक्क्यांची असते, 3 मध्ये ती सात टक्क्यांच्याही आत येते. माप आकारमानाचं दिलं असेल तर वजनकाट्यावर समान वजन घेऊ नका. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे प्रमाण बिघडतं आणि फिनिश कायमचं चिकट राहतं.

सावकाश, कडा खरवडत निदान तीन मिनिटं ढवळा आणि लगेच ॲल्युमिनियम फॉइलवर पसरा. कपात साठलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. पसरल्यावर उष्णता निघून जाते, बुडबुडे वर येऊन फुटतात आणि ब्रशला जास्त वेळ मिळतो. मेणाचा लेप असलेला कागदी कप टाळा. हातात नायट्राइलचे मोजे हवेत. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू वाढत जाते आणि एकदा जडली की छंदच सोडावा लागतो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे.

सजावटीचे, दोऱ्याचे तिरके वेढे घालून हिऱ्याचे आकार काढणारे रॅप करायचा नाद लागला तर गोष्ट वेगळी. तिथे ब्लँकवर लांबीच्या दिशेने अचूक अक्षरेषा लागतात आणि चांगला स्टँड विकत घेणं पटण्यासारखं आहे. शिलाई मशीनच्या पायपट्टीवर चालणारी मोटर लावलेला रॅपरही तेव्हाच पाहा. पायाखाली वेग असला की नवशिक्याचे वेढे एकमेकांवर चढतात.

तेव्हा क्रम असा ठेवा: खोका किंवा स्टँड, पुस्तक, रबरी रिंगा, कानस, मोडक्या रॉडचा रीमर. एवढ्यावर रॉड दोऱ्यापर्यंत पूर्ण होतो. ड्रायर त्यानंतर करा, पण पहिलं इपॉक्सी कालवण्याच्या आदल्या रात्री रॉड लावून त्याला कोरडाच रात्रभर चालवून बघा. स्क्रू ढिले होणं, मोटर तापणं, गाईड आधाराला अडकणं, जे काही बिघडायचं ते त्याच रात्री बिघडलं तर नुकसान काहीच नाही.